खटका कोणत्या बाजूला?

दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या आईच्या वडिलांनी, मला घडीचा एक छोटा चाकू दिला. बरेलीतील आमच्या आजोळच्या परसात पेरूची दोन झाडे होती आणि पेरू दातांनी तोडून न खाता कापून, मीठ लावून खावा, याबाबत नाना फार काटेकोर होते. चाकू रामपूरचा होता. रामपूर बरेलीहून साठ-पासष्ट किलोमीटरवर. नाना कामानिमित्त तिथे वरचेवर जात आणि तिथल्या बाजारातूनच त्यांनी तो आणला होता. देताना त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या : ‘बिटिया, पाते नेहमी आपल्यापासून दूर चालवायचे आणि मिटवल्याशिवाय चाकू कुणाच्या हातात द्यायचा नाही.’ मी तो कोणत्या हाताने चालवते, याबद्दल ते काही बोलले नाहीत. त्या घरात ही सवलत मोठीच होती.

कारण मी डावखुरी आहे. शाळेत बाईंनी माझी पेन्सिल डाव्या हातातून काढून उजव्या हातात दिली आणि मी पुन्हा हात बदलला की पट्टी उगारली. घरी डाव्या हाताने पोळी वाढली की मावशी मनगट धरत. त्यांचा सूर रागाचा नसे, काळजीचा असे. मुलीच्या जातीला सासरी बोलणी बसतील, ही ती काळजी. या साऱ्याचा परिणाम असा की माझे अक्षर उजव्या हाताचे आहे आणि बाकीची सगळी कामे डाव्या हाताची. मी लिहिते उजव्या हाताने. भाजी चिरते, सुई ओवते, पेचकस फिरवते ती डाव्या हाताने. या देशात माझ्या पिढीतील अनेक डावखुऱ्यांची विभागणी अशीच झालेली आढळेल.

नानांचा चाकू मी जवळजवळ चाळीस वर्षे वापरला. तो मला कधी अडला नाही. का अडला नाही, हा प्रश्नही तेव्हा पडला नाही. तीन वर्षांपूर्वी तो एका रेल्वेप्रवासात हरवला आणि मी दिल्लीत त्याच्या जागी दुसरा शोधू लागले. दुकानदाराने आधुनिक पद्धतीचा, एका हाताने उघडता येणारा एक चाकू सुचवला. दिसायला देखणा, पोलाद उत्तम. चौथ्या दिवशी तो मिटवताना माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीला चार टाके पडले. दुकानदाराला सांगितले तेव्हा त्याने सहानुभूतीने विचारले, ‘मॅडम, तुम्ही तो उलट्या हातात धरला होता का?’

त्याचा प्रश्न प्रामाणिक होता. हा लेख त्या ‘उलट्या’ शब्दाविषयी आहे.

घडीच्या चाकूची रचना क्षणभर नीट पाहावी. जुन्या साध्या चाकूच्या पात्यावर नख अडकवायला एक बारीक खाच असते. ही खाच पात्याच्या एकाच अंगाला असते. चाकू डाव्या हातात धरून उजव्या अंगठ्याच्या नखाने पाते ओढले जाईल, असे गृहीत धरलेले असते. डावखुरी व्यक्ती चाकू उजव्या हातात धरते आणि तिचा डावा अंगठा पात्याच्या दुसऱ्या, कोऱ्या अंगावर जातो. आधुनिक चाकूत हा पक्षपात आणखी वाढला. मुठीच्या आत एक पातळ पोलादी पट्टी असते. पाते उघडले की ती सरकून पात्यामागे अडते आणि पाते आपोआप मिटत नाही. ही पट्टी उजव्या अंगठ्याच्या पोटाने बाजूला सारता यावी अशा बेताने बसवलेली असते. तोच चाकू डाव्या हातात घेतला की पट्टी अंगठ्याखाली येत नाही. ती तर्जनीने ओढावी लागते, आणि तर्जनी त्या क्षणी नेमकी मिटणाऱ्या पात्याच्या वाटेवर असते. माझे चार टाके तिथलेच. खिशाला अडकवायची क्लिपही बहुधा एकाच बाजूला, उजव्या खिशासाठी. पाते उघडण्याची गुंडीही अनेकदा एकाच अंगाला.

नानांच्या चाकूचा खटका मात्र मुठीच्या पाठीवर, बरोबर मध्यरेषेवर होता. मध्यरेषेला डावे-उजवे नसते. त्या कारागिराने डावखुऱ्या मुलीचा विचार केला होता, असे मला म्हणायचे नाही. त्याने खटका मध्यभागी ठेवला आणि माझी सोय आपसूक झाली. धोरणाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब हीच आहे, आणि तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आधी संख्येचा प्रश्न. जगात डावखुरे किती? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासाने आधीच्या अनेक पाहण्यांमधील तेवीस लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र केली आणि सर्वोत्तम अंदाज १०.६ टक्के असा काढला. भारतासारख्या देशात, जिथे डाव्या हाताने लिहिणे-जेवणे परतवून लावले जाते, तिथे पाहणीत हा आकडा कमी भरतो. परंतु पाहणीत कमी भरणे म्हणजे कमी असणे नव्हे. दहा टक्क्यांचे सर्वसाधारण प्रमाण धरले तर एकशे चाळीस कोटींच्या देशात चौदा कोटी माणसे होतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची जी लोकसंख्या होती, तिच्यापेक्षा ही संख्या मोठी आहे.

मोजणीतील चूक किती दूरवर जाऊ शकते, याचे एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेतले आहे. १९९१ साली दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातील मृत्यूच्या नोंदींवरून असा निष्कर्ष मांडला की डावखुरी माणसे सरासरी नऊ वर्षे आधी मरतात. जगभर मथळे झाले. पुढे उलगडा झाला तो असा : विसाव्या शतकाच्या आरंभी जन्मलेल्या पिढीत डावखुऱ्या मुलांना सक्तीने उजवे केले गेले होते. त्यामुळे वृद्धांमध्ये डावखुरे कमी दिसत होते आणि मरणाऱ्या डावखुऱ्यांचे सरासरी वय आपोआप कमी निघत होते. ती माणसे मेली नव्हती. त्यांची नोंद बदलली होती. आपल्याकडे आजही शाळेची पट्टी आणि मावशींची काळजी हेच काम करतात. आणि जे मोजले जात नाही, ते बाजारालाही दिसत नाही आणि शासनालाही.

बाजाराला दिसले तिथे काय घडले, हे पाहण्यासारखे आहे. लंडनमध्ये १९६८ साली केवळ डावखुऱ्यांसाठी एक दुकान निघाले. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीने आपल्या प्रसिद्ध लाल चाकूच्या डावखुऱ्या आवृत्त्या काढल्या. हा झाला पहिला मार्ग : उजव्या वस्तूची आरशातील प्रतिमा तयार करणे. तो प्रामाणिक आहे, पण महाग आहे. वेगळे साचे, वेगळा साठा, कमी खप, म्हणून चढा भाव. जपानी पद्धतीच्या एकाच अंगाने धार लावलेल्या सुऱ्या डाव्या हातासाठी घ्यायच्या तर त्यासाठी उघड जास्त पैसे मोजावे लागतात. ज्याला परवडते तो मोजतो. हाताने पोट भरणाऱ्या माणसाला ते परवडत नाही.

दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. १९८१ साली स्पायडर्को या अमेरिकी कंपनीने घडीच्या चाकूच्या पात्याला एक गोल भोक पाडले. खाच एका बाजूला असते, भोक मात्र आरपार. त्यात कोणत्याही हाताचा अंगठा अडकतो. १९९८ साली बेंचमेड या कंपनीने मुठीच्या आरपार जाणाऱ्या आडव्या दांडीचे कुलूप बाजारात आणले. ती दांडी दोन्ही बाजूंनी मागे ओढता येते. या सुधारणा काही डावखुऱ्यांवरील दयेपोटी झालेल्या नाहीत. एका हातात दोर आहे, हातमोजा घातला आहे, एक हात जखमी आहे, अशा कोणाही माणसाला चाकू उघडता यावा, हा हेतू. तो साधताना डावखुऱ्यांची अडचण वेगळा खर्च न करता संपली.

आपल्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात जिला विळी म्हणतात, बंगालमध्ये बोटी आणि तमिळनाडूत अरुवामनै, ते आपल्या स्वयंपाकघरातील जुने अवजार पाहा. पाते स्थिर असते, पाटावर पाय रोवलेला असतो आणि फिरते ती भाजी. भोपळा कापताना दोन्ही हात सारखे दाबतात. या अवजाराला हात विचारावाच लागत नाही. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या शेजारीणबाई कोलकात्याच्या होत्या. त्यांच्या बोटीवर मासा कापायला मी शिकले तेव्हा एकाही व्यक्तीने मला ‘उलटा हात’ असे म्हटले नाही, कारण तिथे कोणालाही माझा हात उलटा दिसला नाही. मग आपण उभ्याचा ओटा घेतला, मुठीची सुरी घेतली, दातेरी पाव-सुरी घेतली. तिचे दाते एका अंगाने घासलेले असतात. डाव्या हाताने कापली की पावाची चकती तिरकी उतरते आणि आपण स्वतःला वेंधळे समजतो.

मात्र प्रत्येक अवजार मध्यरेषेवर आणता येत नाही. कात्री हे त्याचे ठळक उदाहरण, आणि इथून विषय माझ्या पेरूंच्या पलीकडे जातो.

गेल्या वर्षी पश्चिम उत्तर प्रदेशातील एका शिवणकाम प्रशिक्षण केंद्रात मी एका पाहणीसाठी गेले होते. तिथे विशीतली एक मुलगी कापड बेतत होती. तिच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडला होता आणि त्यावर फडके गुंडाळलेले होते. शिक्षिकेने माझ्या कानाशी सांगितले, ‘मेहनती आहे, पण हात बसत नाही. कटिंगला घेता येणार नाही, हेल्पर म्हणूनच जाईल.’ तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड कापणारा कारागीर आणि धागे तोडणारा मदतनीस यांच्या मजुरीत मोठे अंतर असते. मुलीला विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘दीदी, कापड कापत नाही, पात्यांत मुडपते. मी कात्रीला धार लावून आणली, तरी मुडपते.’

धार लावून ते होणारच नव्हते. नेहमीच्या कात्रीत पात्यांची मांडणी अशी असते की उजवा हात मिटताना अंगठा बाहेर ढकलतो, बोटे आत ओढतात आणि त्या नैसर्गिक दाबाने दोन्ही पाती एकमेकांवर घट्ट बसतात. डाव्या हाताचा तोच नैसर्गिक दाब पाती एकमेकांपासून दूर करतो. फटीत कापड मुडपते. शिवाय खडूची रेघ पात्याआड लपते. कात्री उलटी धरून उपयोग नाही, कारण ती उलटी धरली तरी पात्यांची परस्पररचना तीच राहते. केवळ मूठ बदलूनही भागत नाही. पातीच अदलाबदल करून घडवावी लागतात. त्या मुलीच्या हातात काहीही उणे नव्हते. तिला कोणी तिची कात्रीच दिलेली नव्हती.

तिथून मेरठ फार दूर नव्हते. मेरठची कात्री प्रसिद्ध आहे. २०१३ साली तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला. भंगारातील पोलादापासून हाताने घडवलेली, पुन्हा पुन्हा धार लावता येणारी ही कात्री आजोबांनी घ्यावी आणि नातवाने वापरावी, असे तिकडे म्हणतात. तिथल्या गल्लीतील एका वयस्कर उस्तादांना मी विचारले की डाव्या हाताची कात्री घडवता का. त्यांनी माझ्याकडे न पाहता हातातली कात्री उघडमीट करत उत्तर दिले, ‘का नाही, बहनजी? वडील घडवत असत, कुणी सांगितले तर. घडाई उलटी करावी लागते, लोखंड तेच. एकच हवी असेल तर वेळेचे पैसे घ्यावे लागतील. पन्नास घ्याल तर भाव तोच.’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘पण पन्नास कोण घेणार?’

हा प्रश्न मी तिथून सोबत घेऊन आले. कौशल्य आहे, कच्चा माल आहे, गरजू मुलगी दीड तासाच्या अंतरावर आहे. नाही ती केवळ मागणीची मोट. विखुरलेली मागणी एकत्र करणे हे बाजाराला जमत नाही तेव्हा ते कोणाचे काम असते? अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल : मोठ्या खरेदीदाराचे. आणि या देशातील सर्वांत मोठा खरेदीदार शासन आहे.

भारतीय राज्यसंस्थेचे डाव्या हाताशी नाते तसे विलक्षण आहे. मतदान करताना १९६१च्या निवडणूक नियमांनुसार शाई लागते ती डाव्या हाताच्या तर्जनीला. कचेऱ्यांतून निरक्षर पुरुषाचा ठसा घेतला जातो तो रूढीने डाव्या अंगठ्याचा. त्याचे कारण सांगितले जाते ते असे की उजवा हात कष्टाने झिजतो, डाव्याच्या रेषा शाबूत राहतात. या स्पष्टीकरणात एक गृहीतक दडले आहे. नागरिक उजव्या हाताने काम करतो, असे ते गृहीतक. जो डाव्या हाताने विटा उचलतो किंवा विळा चालवतो, त्याच्या नेमक्या झिजलेल्या अंगठ्याकडे शासन पुरावा मागते. गांधीजींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज’ हे पुस्तक जहाजावर लिहिले तेव्हा उजवा हात थकल्यावर ते डाव्या हाताने लिहीत राहिले. २७५ पानांच्या हस्तलिखितातील सुमारे चाळीस पाने डाव्या हाताची आहेत. राष्ट्राच्या एका मूलभूत ग्रंथात डाव्या हाताचा एवढा वाटा असूनही राष्ट्राच्या अवजारांत मात्र त्याला जागा मिळालेली नाही.

चाकूकडे तर राज्यसंस्थेने पाहिले ते जवळजवळ केवळ शस्त्र म्हणूनच. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा विचार आहे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. दिल्लीत १९८० सालची अधिसूचना स्प्रिंगच्या, गरारीदार आणि बटनदार चाकूंचे वर्णन करते आणि पात्याची लांबी ७.६२ सेंटीमीटर व रुंदी १.७२ सेंटीमीटर अशी दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत मोजून मर्यादा घालते. उत्तर प्रदेशात १९९०च्या दशकात साडेचार इंचांहून लांब पात्यांवर निर्बंध आले आणि रामपूरचा हा धंदा मोठ्या प्रमाणात बसला. २०२३ साली त्याच शहराच्या चौकात सुमारे वीस फुटी चाकू स्मारक म्हणून उभारण्यात आला. सार्वजनिक सुरक्षेसाठी नियम हवेत, याबद्दल माझे दुमत नाही. दिल्लीत चाकू शोधताना मीही पात्याची लांबी पट्टीने मोजून घेतली होती. पण मिलिमीटरपर्यंत बारकाईने पाहणाऱ्या व्यवस्थेला तेच पाते कोणत्या हातात जाणार, हा प्रश्न कधी पडला नाही, याची नोंद करावीशी वाटते.

तो पडावा यासाठी नवा कायदा लागत नाही. भारताने २००७ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला मान्यता दिली आणि २०१६ साली त्याला अनुसरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम केला. त्या कायद्यात ‘सार्वत्रिक रचना’ या संकल्पनेची व्याख्या आहे : वस्तू, परिसर आणि सेवा अशा असाव्यात की वेगळा बदल न करता जास्तीत जास्त लोकांना त्या वापरता याव्यात. अशा वस्तूंच्या निर्मितीला व वितरणाला प्रोत्साहन देण्याचे कर्तव्यही तो कायदा शासनावर टाकतो. डावखुरेपण हे अपंगत्व नाही आणि त्या कायद्याचे लाभ डावखुऱ्यांना मिळावेत, अशी माझी मागणी मुळीच नाही. मुद्दा एवढाच की रचनेचे हे तत्त्व आपण संसदेत स्वीकारलेले आहे. अपघातात उजवा हात गमावलेल्या सुताराला आणि जन्मतः डावखुऱ्या सुताराला एकच अवजार लागते. पहिल्यासाठी केलेली तजवीज दुसऱ्याच्याही उपयोगी येते, आणि दुसऱ्यासाठी काढलेला साचा पहिल्याची किंमत कमी करतो.

यातून तीन छोट्या गोष्टी निघतात. पहिली, प्रश्न विचारणे. जनगणनेत आणखी एक रकाना वाढवा, असे मी म्हणत नाही. परंतु देशात सुमारे पंधरा हजार औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांच्या प्रवेशअर्जात ‘आपण अवजार कोणत्या हाताने धरता?’ अशी एक ओळ घातली तर एका वर्षात कामकरी तरुणांची अशी माहिती हाती येईल, जी कोणत्याही प्रयोगशाळेतून मिळणार नाही. प्रश्न अवजाराचा असावा, लेखणीचा नव्हे. लेखणीचे उत्तर शाळेच्या पट्टीने बदललेले असते.

दुसरी, खरेदी. पंतप्रधान विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यात अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत आणि अवजारांच्या संचासाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतची मदत आहे. त्या अठरा व्यवसायांत शिंपी आहेत, नाभिक आहेत, चर्मकार आहेत. या सर्वांचे पोट कात्री आणि पात्यावर अवलंबून. त्याच यादीत लोहार आहेत आणि हातोडे व अवजारसंच बनवणारेही आहेत. म्हणजे डावी कात्री ज्याला हवी तो आणि ती जो घडवू शकतो तो, दोघेही एकाच योजनेचे लाभार्थी आहेत. संच निवडतानाच डावा-उजवा पर्याय विचारावा आणि ही मागणी एकत्र करून शासनाच्या ई-बाजारपेठेतून नोंदवावी, एवढ्याने मेरठच्या उस्तादांच्या प्रश्नाला उत्तर मिळते. पन्नास कोण घेणार? हे घेतील.

तिसरी, मानके. भारतीय मानक ब्युरोच्या मानकांची संख्या वीस हजारांहून अधिक आहे. हातअवजारांच्या मानकांत दोन कलमांची भर पडावी : जिथे शक्य आहे तिथे खटका, कुलूप आणि पकड दोन्ही हातांना चालेल अशी असावी, जिथे ते शक्य नाही, जसे कात्री किंवा एका अंगाने दाते काढलेला विळा, तिथे ती वस्तू कोणत्या हातासाठी आहे हे वेष्टनावर स्पष्ट छापावे. दुसरे कलम क्षुल्लक वाटेल. परंतु आज डावखुऱ्या ग्राहकाला वस्तू वापरून, बोट कापून घेतल्यावर ही माहिती मिळते. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने हलक्या सुधारित विळ्यांवर चांगले काम केले आहे. अशा संस्थांना प्रत्येक हातअवजाराची चाचणी डावखुऱ्या मजुरांकडूनही करून घ्या, असे सांगणे अवघड नाही. आणि ज्यांना केवळ व्यापाराची भाषा पटते त्यांच्यासाठी : नीती आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये हातअवजारे व यंत्रअवजारे यांच्या निर्यातीची क्षमता पंचवीस अब्ज डॉलरहून अधिक असल्याचे सांगितले. जालंधर आणि लुधियानाच्या कारखान्यांना स्वस्ताईत चीनशी स्पर्धा करणे कठीण आहे. जगातील दर दहावा ग्राहक ज्या वस्तूसाठी आज जास्त पैसे मोजतो, ती वस्तू नीट बनवणे त्यामानाने सोपे आहे.

या मांडणीवर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला : ज्या देशात कोट्यवधी कामगारांना साधे हातमोजे मिळत नाहीत, तिथे डाव्या कात्रीची चर्चा म्हणजे चैन. हा आक्षेप खरा ठरला असता, जर उपाय खर्चीक असता. अर्जातली एक ओळ, वेष्टनावरची एक ओळ आणि होणाऱ्याच खरेदीत एक पर्याय, यासाठी वेगळी तरतूद लागत नाही. हातमोज्यांची लढाई लढताना हे करता येते. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे : डावखुरे जुळवून घेतातच की! घेतात, हे खरे. मी पन्नास वर्षे घेतले. परंतु जुळवून घेण्याची किंमत असते आणि ती कोण भरतो, हा धोरणाचा प्रश्न आहे. माझ्यासारखीने ती चार टाक्यांत भरली. त्या मुलीने ती रोजच्या मजुरीत भरायची होती, आयुष्यभर. आणि तिला सांगितले गेले होते की दोष तिच्या हाताचा आहे.

आपल्या भाषांनीही हेच सांगितले आहे. हिंदीत खब्बू, बंगालीत न्याटा, गुजरातीत डाबोडी. बहुतेक ठिकाणी शब्दात चेष्टेची एक छटा आहे. हिंदीत सोप्या गोष्टीला डाव्या हाताचा खेळ म्हणतात, मराठीत डाव्या हाताचा मळ. म्हणजे इतकी सोपी की दुबळ्या हातालाही जमेल. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करतो आणि सही डाव्या हाताने, अमिताभ बच्चन यांचा डावा हात पडद्यावर साऱ्या देशाने पाहिला. त्यांचे कौतुक झाले, पण कात्र्या बदलल्या नाहीत. प्रसिद्ध डावखुऱ्यांच्या याद्या दरवर्षी १३ ऑगस्टला, डावखुऱ्यांच्या दिवशी, वर्तमानपत्रांत छापल्या जातात. त्या याद्यांनी अभिमान वाटतो. शिवणाच्या वर्गात बसलेल्या मुलीला अभिमानाहून अधिक उपयोगी काहीतरी हवे असते.

मेरठच्या उस्तादांकडून मी एक कात्री घडवून घेतली. वेळेचे पैसे त्यांनी सांगितले तेवढे दिले. ते जास्त होते आणि रास्त होते. ती कात्री मी प्रशिक्षण केंद्रात पोहोचवली. मुलीने आधी ती नेहमीच्या सवयीने मनगट वाकडे करून धरली, कारण इतकी वर्षे कापड पात्यांत पकडण्यासाठी तिने तसेच वाकवले होते. शिक्षिका म्हणाल्या, ‘सरळ धर.’ तिने सरळ धरली. सुती कापडाची दोन हातांची पट्टी तिने एका दमात कापली, न मुडपता, खडूच्या रेघेवरून. मग ती माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘दीदी, रेघ दिसतेय.’

एक कात्री हा काही उपाय नाही, हे मला ठाऊक आहे. त्या वर्गात तीस मुली होत्या. सरासरीचा नियम खरा असेल तर आणखी दोघी तिथेच कुठेतरी, आपला हात उलटा आहे असे समजून, मदतनिसाच्या मजुरीची तयारी करत बसल्या होत्या. निघताना मी शिक्षिकेला त्यांच्याविषयी विचारले. त्या म्हणाल्या, ‘आजवर कधी विचारले नाही. उद्या विचारते.’